अडवणाऱ्याचं नाव कोण घेतं

"काहून वं ताई, हे भगवं काय टांगलं तारेवर? मिरवणूक हाय का कोनाची?"

चाचीनं भिंतीवरून विचारलं आणि गप्पांना तोंड फुटलं. देऊळघाटातल्या आमच्या गल्लीत तीन घरांची आवारं एका कोपऱ्यात मिळतात. एकीकडे मी, एकीकडे चाचा-चाची, एकीकडे काकू. कोपऱ्यातल्या वरच्या विटा केव्हाच पडल्या. त्या कोणी बसवत नाही, कारण तिथूनच विरजण जातं, शिरखुर्म्याची वाटी येते, आणि पैनगंगेला किती पाणी आलं इथपासून सोयाबीनला कोणी काय भाव लावला इथपर्यंत सगळं तिथंच कळतं.

"मिरवणूक कायची वं! पोट्ट्याच्या मॅचचा ड्रेस हाय. गोव्याहून आनला त्यानं," काकू म्हणाल्या.

काकूंचा पोरगा मडगावला हॉटेलच्या किचनमध्ये आहे. दिवाळीच्या सुट्टीत आला होता. आल्याबरोबर धुवायला टाकलेल्या ढिगाऱ्यातला हा नारिंगी जर्सीचा बनियन. एफसी गोवा या फुटबॉल संघाचा रंग नारिंगी, बोधचिन्ह गवा. हे पोरानं चाचीला समजावून सांगितलं. तिला एवढंच कळलं की भगवं नाही, नारिंगी आहे, आणि म्हैस नाही, गवा आहे.

"विराट कोहली मालक आहे चाची त्या संघाचा. म्हणजे एकटा नाही, मालकांपैकी एक."

"कोहली? मंग अनुष्का येत असन तिथं!" काकूंनी सूप खाली ठेवलं. घरात चार वर्षं फुटबॉलचं नाव निघत होतं, पण ही माहिती पोरानं आईला आजवर दिली नव्हती. दिली असती तर आईनं त्या बनियनला इतक्या जोरात पिळलं नसतं.

मी पेपर घडी करून भिंतीशी आलो. चाचा बाजेवरून उठून आले. चाचा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, बोलायला कमी, पण विषय वाहनाचा, रस्त्याचा किंवा पगाराचा असला की येतात. इथं कोणाच्या तरी पगाराची शक्यता होती.

"जर्सीवर नाव कोनाचं हाय बे?" त्यांनी विचारलं.

"कार्लोस पेन्या. स्पेनचा. आता रिटायर झाला."

"गोल लय मारत असन."

"मारत नव्हता चाचा. अडवत होता. डिफेंडर."

यावर थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग काकूंनीच सगळ्यांच्या मनातलं विचारलं. "बाप्पा! पैसे देऊन घ्याचं तर मारनाऱ्याच्या नावाचं घ्याव ना. अडवनाऱ्याचं नाव कोन घेते?"

प्रश्न काकूंचा असला तरी साऱ्या जगाचा आहे. गोव्यात त्या वर्षांत ज्याच्या नावाचा गजर व्हायचा तो फेरान कोरोमिनास, लोक त्याला कोरो म्हणायचे, तोही स्पेनचाच. तीन हंगामांत त्यानं इंडियन सुपर लीगमध्ये ४८ गोल मारले. पहिल्या हंगामात १८, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात १४. दोनदा सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. आकडा सांगितला की माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. पेन्याचा आकडा कोणता सांगणार? न झालेले गोल कोणी मोजत नाही.

पोरगा मात्र हट्टाला पेटला. "तुम्हाला दाखवतो," म्हणाला. चाचीचं करडू अंगणात मोकळं होतं. भिंत ओलांडून तो पलीकडे गेला आणि करडाच्या समोर उभा राहिला. "हे बघा सर. बॉल याच्याजवळ आहे असं धरा. नवखा काय करतो? असा अंगावर जातो." तो पुढं झेपावला, करडू बगलेतून निसटून काकूंच्या कोथिंबिरीत. "गेलं! आता पेन्या बघा." करडाला परत हुसकून आणलं. या वेळी तो समोर न राहता तिरका उभा राहिला, एक पाय मागे, गुडघे जरा वाकवलेले, आणि झेपावलाच नाही. करडू इकडं वळलं की तोही अर्धं पाऊल. एक बाजू मुद्दाम मोकळी ठेवली. करडू त्याच बाजूनं गेलं, आणि बघतो तर ते धुण्याच्या दगडाच्या नि हौदाच्या मधल्या बेचक्यात जाऊन उभं. पुढं वाट नाही.

"हात लावला का मी? नाही ना? त्याला वाटलं आपल्याला रस्ता मिळाला. रस्ता मीच दिला, पण बाहेरच्या रेषेकडचा."

"माह्या करडाले घाबरवू नको रे," चाची म्हणाली. पण चाचांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं होतं. ते भिंतीला टेकले.

"गुरुजी," मला म्हणाले, "पेपरात ड्रायव्हरचं नाव कवा येते?"

"कधी येतं?"

"गाडी दरीत गेल्यावर. वय इतकं, राहनार अमुक. म्या पंचवीस वर्सं राजूर घाटातून मलकापूरची गाडी नेली, आनली. पावसात, धुक्यात, उसाच्या ट्रॅक्टरमागं. एक खरचटा नाही. कोन्या पेपरात नाव हाय माह्यं? शेवटी बिल्ला भेटला विनाअपघात सेवेचा, तवा हार घातला सायबानं. तेवढंच. शंभर वेळा अपघात टळला त्याची बातमी थोडीच होते! मागं बसलेल्या बाईले मालूम बी नसते, काही टळलं म्हनून. ती झोपेल राहते."

"झोपेलच राहाले पाह्यजे," चाची म्हणाली. "म्या तर माहेरी झोपूनच जातो."

"तेच तर! तू झोपली, म्हंजे मी ड्रायव्हर बरा."

मला हे फार पटलं. बचावपटूचं कसब इतक्या थोडक्यात सांगितलेलं मी कुठल्या क्रीडापानावर वाचलेलं नाही. ज्याच्या भरवशावर प्रेक्षक निर्धास्त पुढच्या गोलपोस्टकडे बघतो, तो बरा डिफेंडर. आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणी बघत नाही.

"पन हा पेन्या गोव्यात आलाच काहून? स्पेनात काम नव्हतं का?" काकूंना माणसाचा पत्ता लागल्याशिवाय चैन पडत नाही.

पोरानं सांगितलं ते असं. पेन्या बार्सिलोनाच्या अकादमीत घडलेला, मेस्सी जिथं वाढला तीच ती. पण तिथल्या पहिल्या संघात जागा मिळणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, तेव्हा तो दुसऱ्या संघापर्यंतच राहिला आणि मग स्पेनभर फिरला. व्हॅलाडोलिडकडून तिथल्या सर्वांत वरच्या फळीत, ला लिगात, खेळला. डावखुरा, आधी डाव्या कडेला खेळायचा, नंतर मधे आला. पस्तिशीला टेकला तेव्हा २०१८मध्ये गोव्यानं बोलावलं. बोलावणारा प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा, तोही बार्सिलोनाच्या शाळेतला. कोरो स्पेनचा, मधल्या फळीतला एदू बेदिया स्पेनचा, तोही बार्सिलोनाच्या दुसऱ्या संघातून गेलेला.

"म्हंजे वशिला!" चाचा म्हणाले.

वशिला म्हणा, ओळख म्हणा. पण त्यात शहाणपण होतं. लोबेराला बॉल मागून, पायापायानं, पास देत देत पुढं न्यायचा होता. आपल्याकडचा जुना रिवाज असा की डिफेंडरनं बॉल आला की आभाळात भिरकावून द्यायचा, पुढचं पुढचे बघतील. गोव्यात उलटं होतं. पहिला पास पेन्याच्या डाव्या पायातून निघायचा. हे ज्याला लहानपणापासून शिकवलंय असा माणूस बाजारात शोधण्यापेक्षा ओळखीतला आणलेला बरा. तेव्हा एका वेळी पाच परदेशी मैदानात चालायचे. त्यातले दोन गोव्यानं बचावाच्या मधोमध लावले, सेनेगलचा उंचपुरा मुर्तदा फॉल आणि हा पेन्या. फॉल कॉर्नरच्या वेळी पुढं जाऊन डोक्यानं गोल मारायचा, त्यामुळे त्याचंही नाव व्हायचं. तो पुढं गेला की मागं कोण थांबायचं ते सांगायला नको.

"आपल्या इकडं नाही आले का हे स्पेनवाले?" मी विचारलं. म्हणजे महाराष्ट्रात.

पुण्यात एक संघ होता, एफसी पुणे सिटी, हृतिक रोशनची त्यात भागी होती. तिथंही स्पेनचे खेळाडू आले. पण २०१९मध्ये संघच बंद पडला आणि त्याचं बिऱ्हाड हैदराबादला गेलं. ज्यानं २०१०चा विश्वचषक जिंकला त्या स्पेनच्या संघातलेही दोन डिफेंडर कारकिर्दीच्या शेवटी आपल्या देशात खेळून गेले. झुआन कापदेविला, जो अंतिम सामन्यात डाव्या बाजूला होता, तो २०१४मध्ये गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडकडे, आणि कार्लोस मार्चेना २०१५मध्ये केरळकडे. देशभर किती जणांना ठाऊक असेल? विश्वचषक जिंकलेला माणूस विमानतळावरून बॅग ओढत निघून गेला असेल आणि टॅक्सीवाल्यानं नेहमीचंच भाडं सांगितलं असेल. तोच गोल मारणारा असता तर शाळांना सुट्टी दिली असती.

"पन आपल्या शाळेत फुटबॉल आलते ना हो गुरुजी?" काकूंना आठवलं.

आले होते. २०१७मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा सरकारनं शाळाशाळांत फुटबॉल वाटले आणि १५ सप्टेंबरला राज्यभर पोरांना खेळायला लावलं. मी तेव्हा नोकरीत होतो. सगळी पोरं बॉलच्या मागं. चाळीसच्या चाळीस. गोलपोस्ट म्हणून ठेवलेल्या दोन दप्तरांजवळ एकही थांबेना. एका पोराला मी म्हटलं, तू मागं राहा, अडव. त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. त्या विश्वचषकात ऑक्टोबरमध्ये नवी मुंबईत स्पेननं मालीला ३-१ असं उपांत्य सामन्यात हरवलं. पुढं कोलकात्यात इंग्लंडकडून ५-२ असे हरले. दोन गोलांनी पुढं असताना! तिथं कोणी मागं राहिलं असतं तर, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

"ते जाऊ द्या," चाची म्हणाली. "स्पेनवाला तो शकिराचा कोन व्हता? तो बी अडवनाराच ना?"

चाचीच्या तोंडी शकिरा ऐकून मी चकित झालो. पण का व्हावं? २०१०मध्ये त्या गायिकेचं 'वाका वाका' आलं तेव्हा आपल्याकडच्या कोणत्या डीजेनं ते वाजवलं नाही! आणि चाचीची नातवंडं मोबाइलवर काय काय लावतात ते तीही बघतेच.

"जेरार्ड पिके," पोरगा म्हणाला. "हो, डिफेंडरच. बार्सिलोना. २०२२च्या नोव्हेंबरात रिटायर झाला."

आणि मग अर्धा तास जो विषय चालला तो फुटबॉलचा नव्हता. पिके आणि शकिरा यांची भेट त्या गाण्याच्याच निमित्तानं झाली. दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला, २ फेब्रुवारी, आणि ती बरोब्बर दहा वर्षांनी मोठी. ("दहा? मोठी?" काकू.) दोन मुलगे झाले. ("लग्न?" "लग्न नाही केलं." "या माय!") २०२२च्या जूनमध्ये वेगळे झाल्याचं जाहीर केलं. आणि २०२३च्या जानेवारीत तिनं एक गाणं काढलं, त्यात त्याची अशी काही सालटी काढली की जगभर ते वाजलं. गाण्यात कॅसिओच्या घड्याळाचा आणि ट्विंगो नावाच्या लहान गाडीचा टोमणा होता, भारी वस्तू सोडून साधी पसंत केलीस असा. यावर त्या बहाद्दरानं काय करावं? तो ट्विंगो गाडी चालवत कार्यक्रमाला आला आणि कॅसिओचं घड्याळ मिरवलं.

"निलाजरा हाय," काकूंनी निकाल दिला.

"निलाजरा काहून? टोमना झेलला त्यानं छातीवर. डिफेंडरच हाय ना!" चाचा म्हणाले आणि स्वतःच हसले. चाचा हसले की त्यांच्या छातीतून जुन्या लेलँडसारखा आवाज येतो, अशी चाचीची तक्रार असते.

पण बघा, पिके विश्वचषक जिंकलेला, स्पेनकडून शंभरावर सामने खेळलेला, आणि आमच्या कोपऱ्यात तो पोचला तो बायकोमुळे. बायकोसुद्धा नाही, ते वर आलंच. म्हणजे अडवणाऱ्याला प्रसिद्धी मिळायची तर ती अशी आडवाटेनं. मी हे म्हटलं, तर पोरानं मान हलवली. "सर, पुयोलला विसरले तुम्ही."

विसरलो नव्हतो, राखून ठेवला होता. कार्लेस पुयोल हा माझ्याही आवडीचा. पोरानं फोनवर फोटो दाखवला. कुरळ्या केसांचं जंगल, घामानं कपाळाला चिकटलेलं.

"कोन्या शेतकऱ्याचं पोट्टं दिसून राह्यलं," काकू म्हणाल्या.

अंदाज अचूक. ला पोब्ला दे सेगुर हे त्याचं गाव, कॅटलोनियात डोंगराच्या पायथ्याशी, आपल्या देऊळघाटाहून लहान. बापाची शेती आणि गुरंढोरं. जन्म १९७८चा. आधी गोलकीपर होता, खांदे दुखायला लागले म्हणून पुढं खेळायला लागला, आणि बार्सिलोनात सतराव्या वर्षी पोचला. त्या अकादमीत सतरा म्हणजे उशीरच. पायात जादू नव्हती. तीनेक वर्षांनी क्लबनं त्याला मालागाला विकायचं ठरवलं, सौदा मान्यही केला, पण हा गेला नाही. थांबला. पहिल्या संघात आला १९९९मध्ये, आणि पुढं ५९३ सामने तो एकाच क्लबसाठी खेळला. २००४पासून कर्णधार.

"एकच डेपो," चाचा म्हणाले. त्यांच्या लेखी याहून मोठी पदवी नाही.

त्याचं नाव झालं ते आधी एका माणसाला धरून ठेवल्यामुळे. लुईस फिगो बार्सिलोनाचा लाडका, तो २०००मध्ये वैऱ्याकडे, रियल माद्रिदला गेला. ऑक्टोबरात परत आला तेव्हा सगळं स्टेडियम त्याच्या नावानं शिमगा करत होतं. त्या दिवशी फिगोच्या अंगाला चिकटून राहायचं काम बावीस वर्षांच्या पुयोलला दिलं. नव्वद मिनिटं फिगो जिथं, पुयोल तिथं. बार्सिलोना २-० जिंकलं. गोल कोणी मारले ते शोधून बघावं लागतं, फिगोला कोणी धरलं ते सगळ्यांना पाठ आहे. अडवणाऱ्याच्या वाट्याला असा दिवस येतो एखादाच.

आणि दुसरा दिवस डर्बनचा, ७ जुलै २०१०. विश्वचषकाचा उपांत्य सामना, समोर जर्मनी, ७३वं मिनिट, शावीनं घेतलेला कॉर्नर. मागून धावत आलेल्या पुयोलनं उडी मारून डोकं असं घातलं की बॉलपेक्षा केसच जास्त दिसले. १-० आणि स्पेन पहिल्यांदा अंतिम फेरीत. तो सामना मी रात्री जागून पाहिला होता. आमच्या घरच्या टीव्हीला मुंग्या येत होत्या, गोल झाला तेव्हा मुंग्याही हलल्या.

"म्हंजे मारलाच ना त्यानं गोल!" काकूंना आपला मुद्दा सुटत नव्हता.

मारला, कबूल. पण पुयोलवर लोक जीव टाकतात ते या गोलासाठी नाही, असं माझं ठाम मत आहे, आणि त्यावर कोणी भिंतीवर वाद घालायला यावं. २०१२मध्ये रायो वायेकानोवर बार्सिलोनाचे एकावर एक गोल चढत होते, सामना ७-० संपला. त्यातल्या एका गोलानंतर थियागो आणि दानी आल्वेस कोपऱ्यात नाचायला लागले. पुयोल मागून धावत आला आणि दोघांची मानगूट धरून चला म्हणाला. समोरचा आधीच पडलेला आहे, त्याच्या अंगणात नाचायचं नाही. हा व्हिडिओ पोरानं लावला तेव्हा चाचीनं तो परत लावायला सांगितला. "असा एक पाह्यजे आपल्या वरातीत," म्हणाली.

मग वेम्बलीच्या मैदानावरची गोष्ट. २०११च्या मार्चमध्ये संघातला एरिक अबिदाल याच्या यकृतातली गाठ शस्त्रक्रियेनं काढली. मे महिन्यात तिथं चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तो पूर्ण वेळ खेळला. बार्सिलोना ३-१ जिंकलं. चषक उचलायचा मान कर्णधाराचा. पुयोलनं दंडावरची कर्णधाराची पट्टी काढून अबिदालच्या दंडाला बांधली आणि त्याला पुढं ढकललं. चषक अबिदालनं उचलला.

काकूंनी पदर डोळ्यांना लावला नाही, पण पुन्हा उचललेलं सूप मात्र हातात तसंच राहिलं. "त्याच्या मायनं चांगलं वाढवलं," एवढंच म्हणाल्या. मग, "बाप हाय का?" बाप २००६मध्ये शेतावरच्या कामाच्या यंत्राच्या अपघातात गेला, हे पोराला ठाऊक होतं. चाचांनी एक दीर्घ श्वास सोडला. त्या विषयावर आमच्याकडं पुढं बोलत नाहीत.

गुडघ्यांनी पुयोलचा घात केला. २०१४च्या मार्चमध्ये त्यानं जाहीर केलं की हा हंगाम शेवटचा, आणि मे महिन्यात निरोप घेतला.

"अन् तुह्या पेन्याचं काय झालं मंग?" चाचांनी गाडी मूळ रस्त्यावर आणली.

पेन्याचं सगळंच मापात. २०१९मध्ये गोव्यानं सुपर कप जिंकला, भुवनेश्वरला चेन्नईयनवर २-१. क्लबचा तो पहिला मोठा चषक. पुढच्या हंगामात तर कहर झाला. संघ गुणतक्त्यात सगळ्यांत वर असताना प्रशिक्षक लोबेरालाच जानेवारीच्या अखेरीस काढून टाकलं. ("वर असताना काढलं? काहून?" "मालकांची मर्जी.") गोव्याचाच क्लिफर्ड मिरांडा हंगामी म्हणून उभा राहिला, आणि फेब्रुवारी २०२०मध्ये जमशेदपूरला ५-० हरवून गोव्यानं गुणतक्त्यात अव्वल येणाऱ्याची ढाल घेतली. त्यासोबत आशियाच्या चॅम्पियन्स लीगचं मुख्य फेरीचं तिकीट, जे भारतातल्या कोणत्याही क्लबला तोवर मिळालं नव्हतं. उपांत्य फेरीत मात्र चेन्नईत ४-१ मार खाल्ला, घरी ४-२ फेडला, आणि एका गोलानं घात झाला. तो हंगाम संपला, जगाला कुलूप लागलं, आणि पेन्यानं बूट काढून ठेवले.

गंमत म्हणजे आशियातले ते सामने एप्रिल २०२१मध्ये मडगावलाच झाले, फातोर्ड्याच्या मैदानावर, प्रेक्षकांविना. कतारच्या अल रय्यानला गोव्यानं ०-० रोखलं. समोरच्या संघाचा प्रशिक्षक कोण, तर फ्रान्सचा लोरां ब्लां, तोही आपल्या काळचा नामी डिफेंडर. भारतीय क्लबचा त्या स्पर्धेतला पहिला गुण तो, आणि एकही गोल न मारता मिळालेला. ज्यानं तिकीट काढलं तो पेन्या त्या गाडीत नव्हता. पोरगा म्हणतो, त्या संध्याकाळी तो स्टेडियमच्या बाहेरच्या रस्त्यावरून दोनदा सायकलनं गेला, आतले दिवे बघत. आत सोडत नव्हते.

"पुढं आला ना परत," पोरगा म्हणाला. २०२२च्या एप्रिलमध्ये गोव्यानं पेन्याला बोलावलं, आता प्रशिक्षक म्हणून. मडगावात पोरं खूश. पण २०२२-२३च्या हंगामात संघ सातवा आला. तेव्हा पहिल्या सहांना पुढं जायला मिळायचं. झालं, पेन्या गेला, त्याच्या जागी मानोलो मार्केझ आला, तोही स्पॅनिश. २०२४मध्ये पेन्या जाकार्ताच्या पर्सिजा संघाचा प्रशिक्षक झाला.

"म्हंजे खेळत व्हता तवर कोनी काही बोललं नाही, अन् सातवा नंबर आला तर नाव पेपरात," चाचा म्हणाले. "मी काय म्हनलो मघाशी?"

पोरगा गप्प. मग हळूच म्हणाला, "एक गोष्ट नाही सांगितली. २०१९ची फायनल हरलो आम्ही. मुंबईत, अंधेरीला." उपांत्य फेरीत मुंबईलाच मुंबईत ५-१ चोपून गेले होते, आणि अंतिम सामन्यात १७ मार्चला बंगळुरूनं १-० हरवलं. नव्वद मिनिटं गोल नाही. जादा वेळेत गोव्याचा एक गडी बाहेर काढला गेला, तरी तग धरून होते. पेन्या, फॉल, सगळे. पेनल्टीला तीनचार मिनिटं उरली होती आणि कॉर्नरवर गोल बसला.

"दाखव," चाचा म्हणाले.

भिंतीवर फोन टेकवला. कढीपत्त्याच्या डब्याचा टेकू. छोट्या स्क्रीनवर निळे नि नारिंगी ठिपके, कॉर्नरचा बॉल आत येतो, एक निळा उंच उडतो, डोकं, आणि जाळी हलते. चाचांनी तीनदा मागं नेऊन बघितलं. ड्रायव्हरच्या नजरेनं, डोळे बारीक करून. "उभे बराबर होते सारे," अखेर म्हणाले. "थकले. शेवटच्या वळनावर थकतेच मानूस. पन मारला कोनं?"

"राहुल भेके. बंगळुरूचा." पोरगा जरा थांबला. "तोही डिफेंडरच आहे."

चाचांना आता काय बोलावं सुचेना. काकूंना मात्र सुचलं.

"भेके? म्हंजे आपलाच म्हन ना! कुठला रे?"

"मुंबईचा."

"मराठी पोरानं गोल मारला, अन् तू मघाधरनं आमाले स्पेन दाखवून राह्यला!" काकू भिंतीवर अर्ध्या वाकल्या. चाचीनं चश्मा पदरानं पुसला आणि फोन आपल्याकडं ओढला.

"थांबव, थांबव तिथंच. चेहरा मोठा कर जरा. चांगला हाय वं ताई."

"हाय ना? लग्न झालं का रे त्याचं?"